बीआयटीवर डिझर्टेशन करायचंय, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीच्या एका एलएलएम करणाऱ्या मुलीनं विचारलंय की भारताच्या गुंतवणूक करारांवर, म्हणजे बीआयटीवर (दोन देशांनी एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण द्यायला केलेले करार, ज्यांखाली परदेशी कंपनी थेट सरकारवर दावा लावू शकते), डिझर्टेशन करायचं मनात आहे, पण गाइड म्हणतात विषय फार मोठा आहे आणि त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. वाचायला बसलं तर शेकडो आर्टिकल्स, प्रत्येकजण दुसऱ्याला खोडतोय, मग सुरुवात कुठून करायची आणि यात पुढे काम मिळतं का.

मी बावीस वर्षं आर्बिट्रेशनची, म्हणजे कोर्टाऐवजी लवादापुढे चालणाऱ्या वादांची, कामं करते, राहते ठाण्यात नौपाड्याला, शनिवारी लॉच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी दोन-तीन जणांकडून येतोच. म्हणून एकदा नीट लिहून काढते. वयानं माझ्या मुलीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतेय.

आधी एक शब्दाची अडचण मिटवू. मराठीत दोन देशांनी केला तरी करार, आणि कंपनीनं सरकारी खात्याशी केला तरी करारच. या विषयात हा गोंधळ महागात पडतो, कारण सगळा खेळच त्या दोघांतल्या फरकाचा आहे. म्हणून देशादेशांतला तो ट्रीटी आणि कंपनीचा तो कॉन्ट्रॅक्ट, असंच मी खाली लिहिणार आहे. कॉन्ट्रॅक्ट मोडला म्हणजे ट्रीटी मोडली असं आपोआप होत नाही, हे पहिल्या पानावर लिहून ठेव, अर्ध्या डिझर्टेशन्समध्ये इथंच घसरलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. आर्टिकल्स सध्या बाजूला ठेव आणि ट्रीटी वाच. अख्खी वाच, पहिल्या ओळीपासून सह्यांपर्यंत. भारताच्या जुन्या ट्रीटीज दहा-बारा पानांच्या असतात गं, चौदा-पंधरा कलमं, ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं पनवेलला जाईपर्यंत एक वाचून होते. तरी लोक त्या वाचत नाहीत, त्यांच्याबद्दल कोणी काय लिहिलंय ते वाचतात. मीही तेच केलं होतं. ज्युनियर असताना एका क्लायंटसाठी नोट लिहिली, त्यात एका नावाजलेल्या लेखाच्या भरवशावर "या ट्रीटीत नफा बाहेर नेण्याचा पूर्ण हक्क आहे" असं ठोकून दिलं. सिनियरनी काही न बोलता ट्रीटीचं ते कलम माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "देशाच्या कायद्यांच्या अधीन राहून." एवढेच शब्द, आणि माझी चार पानांची नोट बाद. लेख लिहिणाऱ्यानं ते शब्द गाळलेले, मी तपासले नाहीत. त्या दिवसापासून कुठल्याही कलमाबद्दल मूळ मजकूर समोर असल्याशिवाय मी एक वाक्य लिहीत नाही.

शब्द किती जड असतात ते एका केसवरून सांगते, हीच केस मी शनिवारी पहिल्या तासाला घेते. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियाची कंपनी. १९८९ मध्ये तिनं कोल इंडियाशी कॉन्ट्रॅक्ट केला, पिपरवारची कोळशाची खाण उभी करून द्यायची, आज तो भाग झारखंडात येतो. बोनस आणि दंडावरून भांडण झालं, कमर्शियल आर्बिट्रेशन झालं आणि २००२ मध्ये व्हाइटच्या बाजूनं सुमारे ४०.८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निकाल, आला. लहानशी रक्कम. कोल इंडिया तो रद्द करायला कलकत्ता हायकोर्टात गेली, व्हाइट तो वसूल करायला दिल्ली हायकोर्टात, मग मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथं वर्षानुवर्षं पडून राहिला. शेवटी २०१० मध्ये कंपनी म्हणाली, आता भारत सरकारवरच ट्रीटीखाली दावा लावतो.

आता गंमत बघ, म्हणजे शिकण्यासारखी गोष्ट बघ. भारत-ऑस्ट्रेलियाची ट्रीटी १९९९ ची, तिच्यात कोर्टांच्या दिरंगाईबद्दल स्पष्ट असं काही नाही. कंपनीनं "न्याय नाकारला" असं म्हणून पाहिलं, ट्रिब्युनलनं, म्हणजे त्या दाव्यासाठी नेमलेल्या लवादानं, ते मान्य केलं नाही, उशीर फार झाला पण न्याय नाकारला म्हणण्याइतका नाही. पण त्या ट्रीटीच्या कलम ४ मध्ये एमएफएन होतं, म्हणजे आमच्या गुंतवणुकीला तिसऱ्या कुठल्याही देशाच्या गुंतवणुकीपेक्षा कमी वागणूक द्यायची नाही. आणि भारतानं २००१ मध्ये कुवेतशी जी ट्रीटी केली त्यात लिहिलेलं, की गुंतवणुकीबाबतचे दावे मांडायला आणि हक्क बजावायला "परिणामकारक साधनं" देऊ. मग कंपनी म्हणाली, कुवेतला दिलं ते आम्हालाही द्या! ट्रिब्युनलनं मान्य केलं आणि ३० नोव्हेंबर २०११ ला भारताविरुद्ध निकाल दिला. गुंतवणूकदारानं ट्रीटीखाली भारताला हरवल्याचा हा पहिला निकाल.

हे मुलांना तोंडी सांगून कळत नाही. मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही ट्रीटीज काढून आणते, टेबलावर शेजारी-शेजारी ठेवते आणि पिवळ्या हायलायटरनं फक्त त्या दोन ओळी रंगवायला सांगते. ऑस्ट्रेलियाच्या पानावर एक ओळ, कुवेतच्या पानावर एक ओळ, मधे काही नाही. गेल्या वर्षी एक मुलगा दोन्ही कागदांवर हात ठेवून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे कुवेतशी सही करणाऱ्यांना ऑस्ट्रेलिया आठवलाच नसणार." अगदी बरोबर! त्या एका वाक्यात रिसर्चचा प्रश्न आहे. १९९४ ला ब्रिटनशी पहिली ट्रीटी केली तिथपासून आपण ७० हून जास्त लागू केल्या, त्या वाटाघाटींत कोण बसत होतं, आधीच्या ट्रीटीजचा हिशेब कोण ठेवत होतं, कोणत्या देशाशी कोणता शब्द का बदलला? यावर लिहायला अजून भरपूर जागा आहे. "सगळ्यांनी लिहून झालंय" हे निकालांबद्दल खरं आहे, मजकुराबद्दल नाही.

म्हणून माझा सल्ला हा की "भारत आणि बीआयटी" असं नाव देऊच नकोस. एक कलम पकड आणि त्याच्या मागे लाग. एमएफएन घे, किंवा "आधी स्थानिक कोर्टात जा" हे कलम घे, किंवा गुंतवणुकीची व्याख्या घे. भारताच्या पंधरा-वीस ट्रीटीज काढ, प्रत्येकीतलं ते कलम एका तक्त्यात हातानं उतरव. हातानं म्हणतेय ते मुद्दाम, कॉपी-पेस्ट केलं की डोळा सरकतो. कुठं शब्द वाढलाय, कुठं गळलाय ते लिही, मग विचार का. ट्रीटी कशी वाचायची याचे नियम ट्रीटीजच्या कायद्यावरच्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनच्या कलम ३१ आणि ३२ मध्ये आहेत, शब्दांचा सरळ अर्थ, संदर्भ, उद्देश, आणि त्यानंतर गरज पडली तर वाटाघाटींचे कागद. भारत त्या कन्व्हेन्शनचा सदस्य नाही, पण यातली तत्त्वं रूढ कायदा म्हणून आपली कोर्टंही वापरतात.

मग आर्टिकल्स. ती वाचायचीच आहेत, पण लिहिणारा कोण आहे हे माहीत करून घेऊन. हे कॉलेजात कोणी सांगत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. या विषयात बरेच लोक एका महिन्यात आर्बिट्रेटर असतात, दुसऱ्या महिन्यात कुठल्या तरी पक्षाचे वकील आणि मधल्या वेळात जर्नलमध्ये लेख लिहितात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्टॅट्यूटच्या कलम ३८ नं विद्वानांच्या लिखाणाला कायदा ठरवण्याचं दुय्यम साधन म्हटलंय, त्यामुळे आज लिहिलेला लेख उद्या कुणाच्या तरी युक्तिवादात येतो. लेख लगेच खोटा ठरत नाही त्यानं, पण लेखकानं कोणत्या केसेसमध्ये कोणासाठी काम केलंय ते पाहून मग त्याचं "कलमाचा योग्य अर्थ असा" वाचायचं. या दुहेरी भूमिकांवर इतकी टीका झाली की युनसिट्रालनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगानं, २०२३ मध्ये आर्बिट्रेटर्ससाठी आचारसंहिताच आणली. आणि दुसऱ्या बाजूचंही वाच गं. सोर्नराजा, चिमणी हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक ही सगळी रचना भांडवल निर्यात करणाऱ्या देशांच्या सोयीनं कशी उभी राहिली ते दाखवतात. जगातली पहिली बीआयटी १९५९ ची, जर्मनी आणि पाकिस्तानची, गुंतवणूक कुठून कुठं जाणार होती ते वेगळं सांगायला नको. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही, पण ते वाचल्याशिवाय तुझं लिखाण एका डोळ्याचं होईल.

व्होडाफोन आणि केर्नवर थोडक्यातच सांगते, त्यावर खरंच ढीग आहे. २००७ मध्ये व्होडाफोननं हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा विकत घेतला, त्यावर सरकारनं कर मागितला, जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं कर लागत नाही, त्याच वर्षी संसदेनं १९६२ पासून लागू होईल असा कायदा बदलला, कंपनी नेदरलँड्सच्या ट्रीटीखाली गेली आणि २५ सप्टेंबर २०२० ला भारत हरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या ट्रीटीखाली केर्न या तेल कंपनीच्या, तशाच कराच्या केसमध्येही हरला, १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज. केर्ननं वसुलीसाठी पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर कोर्टाकडून टाच आणली, त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्वलक्षी कर मागे घेतला गेला. एवढं माहीत असू दे. डिझर्टेशनचा विषय मात्र हा नको, तुझ्या गाइडचं म्हणणं इथं बरोबर आहे. आणि आपण नेहमी हरतो असंही डोक्यात घेऊ नकोस, हल्दिया बंदराच्या वादात फ्रेंच कंपनी लुई ड्रेफसनं लावलेला दावा भारतानं २०१८ मध्ये जिंकला. नवी मुंबईत वाढलेल्या मुलीला ती केस मी मुद्दाम वाचायला सांगेन, कारण न्हावा शेव्याला दुबईची डीपी वर्ल्ड आहे, सिंगापूरची पीएसए आहे, बंदरातल्या क्रेन, कामगार, पोर्ट ट्रस्टचे निर्णय हे सगळं ट्रीटीच्या भाषेत कसं उतरतं ते तिथं दिसतं.

ताजं आणि मोकळं रान कुठं आहे ते सांगते. व्हाइटनंतर आणि व्होडाफोनच्या नोटिसांनंतर सरकारनं नवा मॉडेल मसुदा केला, तो २०१५ चा. त्यात एमएफएन काढून टाकलं, कर हा विषयच बाहेर ठेवला, "न्याय्य आणि समान वागणूक" हे ढगळ कलम काढून नेमक्या चार-पाच गोष्टी घातल्या, आणि परदेशी गुंतवणूकदारानं आधी पाच वर्षं भारतातले उपाय करून बघायचे अशी अट टाकली. लॉ कमिशननं २६० व्या रिपोर्टमध्ये त्याच्या मसुद्याची चिरफाड केली होती, तो रिपोर्ट मिळव, फुकट आहे आणि अप्रतिम आहे. मग २०१६-१७ मध्ये पन्नासहून जास्त देशांना जुन्या ट्रीटीज संपवत असल्याच्या नोटिसा गेल्या. पण संपवल्या म्हणून संपत नाहीत, सनसेट क्लॉज असतो. नेदरलँड्सच्या ट्रीटीत तो १५ वर्षांचा आहे, म्हणजे २०१६ च्या शेवटी संपवली तरी आधी झालेल्या गुंतवणुकीला २०३१ पर्यंत संरक्षण आहेच. कुणी "भारतानं ट्रीटीज रद्द केल्या, धोका संपला" असं लिहिलं असेल तर तो लेख तिथंच बंद कर.

आणि आता बघ काय झालंय. फेब्रुवारी २०२४ ला यूएईशी नवी ट्रीटी झाली, ३१ ऑगस्टपासून लागू, आणि तिच्यात पाच वर्षांची तीन वर्षं झाली, शिवाय शेअर-बॉण्डमधली गुंतवणूकही आत आली. मग उझबेकिस्तान, मग २०२५ मध्ये इस्रायल. २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं की मॉडेलच बदलणार, गुंतवणूकदारांना सोयीचं करणार. युरोपातल्या चार एफ्टा देशांशी झालेल्या व्यापार करारात तर उलटंच, तिथं १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणायचं उद्दिष्ट आहे पण गुंतवणूकदाराला सरकारवर दावा लावायची सोय नाही. २०१५ चं मॉडेल आणि २०२४ ची यूएई ट्रीटी, दोन्ही समोरासमोर ठेवून "स्थानिक उपाय" या एकाच कलमाचा प्रवास लिही, आपल्या कोर्टात तीन वर्षांत परदेशी कंपनीचा दावा प्रत्यक्षात कुठवर पोचतो ते कमर्शियल कोर्टांच्या केसेस काढून दाखव, आणि शेवटी व्हाइटशी जोड. कोणता गाइड नाही म्हणेल?

"बीआयटीमुळे गुंतवणूक येते का" या प्रश्नात मात्र एलएलएमला शिरू नकोस, अर्थशास्त्रज्ञांचं त्यावर अजून एकमत नाही. ब्राझीलनं जुन्या धाटणीची एकही ट्रीटी लागू केली नाही आणि तरी तिथं भरपूर एफडीआय गेला, एवढं उदाहरण प्रस्तावनेत पुरे.

अजून एक विषय सुचवते, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. दाभोळ. गुहागरचा एन्रॉनचा वीज प्रकल्प. १९९३ ला राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा कॉन्ट्रॅक्ट, १९९५ ला सरकार बदललं आणि प्रकल्प रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ ला पहिला टप्पा सुरू, २००१ ला मंडळानं वीज घेणं थांबवलं. एन्रॉन बुडाली, पण जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची गुंतवणूक मॉरिशसच्या कंपन्यांतून आलेली होती, त्यामुळे १९९८ च्या भारत-मॉरिशस ट्रीटीखाली दावे लागले आणि २००५ मध्ये तडजोड झाली. तडजोड झाल्यामुळे ट्रीटीवरचा अंतिम अवॉर्ड नाही, आणि अवॉर्ड नाही म्हणून परदेशी अभ्यासकांनी त्याला दोन परिच्छेद दिले आणि पुढे गेले. पण कागद आहेत! माधव गोडबोले समितीचा २००१ चा रिपोर्ट आहे, विधिमंडळातल्या चर्चा आहेत, कोकणातल्या आंदोलनाची पत्रकं आहेत, रोजच्या मराठी पेपरांतल्या बातम्या आहेत. यातला बराच भाग मराठीत आहे. लंडन-जिनिव्हाचा अभ्यासक तो वाचू शकत नाही, दिल्लीचाही नाही, तू वाचू शकतेस. राज्य सरकारच्या एका खात्यानं घेतलेला निर्णय केंद्राच्या गळ्यात आंतरराष्ट्रीय जबाबदारी म्हणून कसा येतो, मंत्रालयात त्या वेळी मॉरिशसच्या ट्रीटीचं नाव तरी कोणी घेतलं होतं का, हा प्रश्न अजून नीट कुणी विचारलेला मी पाहिला नाही. मी स्वतः करायचं ठरवलं होतं, कामात राहून गेलं, त्याची खंत आहे.

साहित्यासाठी पैसे घालवू नकोस. ट्रीटीजचे मजकूर अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या, इन्व्हेस्टमेंट पॉलिसी हब या साइटवर आहेत, अवॉर्ड्स इटालॉवर, ती साइट कॅनडाच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाची. परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय समितीचा सप्टेंबर २०२१ चा बीआयटीवरचा रिपोर्ट जरूर वाच, त्यात मंत्रालयांनी स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडलीय, असं कुठल्या आर्टिकलमध्ये मिळत नाही. भारताकडून या ट्रीटीजची वाटाघाट अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग करतो, परराष्ट्र खातं नाही, त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज टाकलास तर पत्ता बरोबर घाल. वाटाघाटींचे मसुदे देत नाहीत सहसा, पण नकाराचं उत्तरही जपून ठेव, कलम ३२ चा विचार करताना "कागद उपलब्धच नाहीत" हे पुराव्यानिशी लिहिता येतं.

कामाचं विचारलंस. खरं सांगते, फक्त ट्रीटी आर्बिट्रेशनवर मुंबईत घर चालवणारे वकील मोजके आहेत. भारत आयसीसिड कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे जागतिक बँकेच्या गुंतवणूक-लवादाच्या व्यवस्थेत, नाही, केसेस बाहेर चालतात, मोठी कामं मोठ्या फर्म्सकडे जातात. पण कमर्शियल आर्बिट्रेशन, पायाभूत प्रकल्पांचे कॉन्ट्रॅक्ट्स, सरकारी कंपन्यांचे लीगल विभाग, कर, इथं सगळीकडे हे ज्ञान असलेला माणूस हवा असतो आणि मिळत नाही. माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्यांना मी मार्क विचारत नाही, एक कलम देते आणि म्हणते यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते सांग. ज्याला वीस मिनिटं त्या एका वाक्याशी बसता येतं तो पुढे टिकतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

सिनॉप्सिस द्यायच्या आधी मॉरिशसची ट्रीटी आणि यूएईची ट्रीटी दोन्ही वाचून काढ आणि मग ठरव, कलम की दाभोळ. दाभोळ घेतलंस तर आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी कर, १८९३ ची संस्था आहे, जुने अंक त्यांच्याकडे काय आहेत आणि नसतील तर कुठं मिळतील ते विचार. १९९५ चा ऑगस्ट आणि २००१ चा मे-जून, हे तीन महिने पहिल्यांदा बघ.